गाडी जर्मनीची, पत्ता नेदरलँड्सचा

पुण्यात सिग्नलला थांबलं की पुढच्या गाडीचा नंबर वाचायची सवय मला लहानपणापासून आहे. एमएच १२ म्हणजे आपली, एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवडची, एमएच ११ साताऱ्याची. केए पासिंग दिसलं की "हा बंगळूरहून आलेला आयटीवाला" असा निकालही लगेच लावून मोकळं व्हायचं. पाटीवरून माणूस कुठला ते कळतं, असं आपण धरूनच चालतो. त्यामुळे आखेनमध्ये पीएचडी संपवून मी पोस्टडॉकसाठी आइंडहोव्हनला आले, तेव्हा माझ्या जुन्या पोलोवरची आखेनची अक्षरं मला मुळीच खटकली नाहीत. मी जर्मनीहून आले, गाडी जर्मनीहून आली. दोघींचं मूळ गाव एकच. यात चुकीचं काय?

चुकीचं होतं, आणि ते आठ महिन्यांनी कळलं. स्थलांतराच्या कागदपत्रांवरच्या भागात मी हे दोन मिनिटांत उरकलं होतं आणि "गाडीचं लवकर बघा" एवढंच म्हटलं होतं. त्यानंतर "लवकर म्हणजे किती लवकर?" हा प्रश्न इतक्यांनी विचारला, की तो नीट लिहून काढायला हवा असं वाटलं. उदाहरण माझंच घेते, जर्मनी ते नेदरलँड्स. पण यामागचं तत्त्व तुम्ही लंडनहून डब्लिनला जात असाल किंवा पॅरिसहून ब्रसेल्सला, तरी तेच आहे.

ते तत्त्व असं: कायद्याच्या दृष्टीने नंबरप्लेट गाडीचं मूळ गाव सांगत नाही, ती गाडीचा सध्याचा पत्ता सांगते. आणि खासगी गाडीचा पत्ता म्हणजे बहुतेक वेळा ती वापरणाऱ्याचा पत्ता. तुम्ही हललात की पाटी खोटी बोलायला लागते.

एका देशाची गाडी दुसऱ्या देशात चालते तरी कशी, तिथून सुरुवात करू. १९६८ चा व्हिएन्ना करार आहे, रस्त्यावरच्या वाहतुकीचा. जर्मनी आणि नेदरलँड्स दोघेही त्यात आहेत. भारत त्यात नाही. आपण त्याआधीच्या, १९४९ च्या जिनिव्हा करारात आहोत. व्हिएन्ना करारानुसार परदेशी नोंदणीची गाडी "आंतरराष्ट्रीय वाहतुकीत" असेल तर तिला रस्त्यावर येऊ द्यावं लागतं. पण "आंतरराष्ट्रीय वाहतुकीत" म्हणजे काय, याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाडी त्या देशाबाहेर राहणाऱ्या माणसाची हवी, त्या देशात नोंदलेली नसावी, आणि तात्पुरती आणलेली असावी. तिन्ही अटी एकदम लागू व्हायला हव्यात. मी आइंडहोव्हनला खोली घेऊन नगरपालिकेत नाव नोंदवलं, त्या दिवशी पहिली अट कोसळली. गाडी तीच, चालवणारी तीच, रस्ताही तोच. पण आदल्या दिवशी मी पाहुणी होते आणि त्या दिवसापासून रहिवासी झाले.

आता त्या प्रसिद्ध सहा महिन्यांकडे येऊ. भारतीय विद्यार्थ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारा, कुणीतरी छातीठोकपणे सांगणारच: "सहा महिने चालतं, काही होत नाही." मलाही एका सीनियरने असंच सांगितलं होतं. त्याने तरी ते कुठेतरी वाचलेलंच होतं. युरोपीय संघाचा १९८३ चा एक निर्देश आहे. दुसऱ्या सदस्य देशातून तात्पुरत्या आणलेल्या खासगी गाडीला करातून सूट देणारा. त्यात सहा महिन्यांचा उल्लेख आहे: कुठल्याही बारा महिन्यांत सहा महिने. पण ही सूट ज्याचं नेहमीचं राहणं दुसऱ्या देशात आहे त्यालाच मिळते. म्हणजे म्युन्स्टरचे आजोबा नातवंडांकडे ऊट्रेख्तला चार महिने राहायला आले, तर त्यांची गाडी जर्मन पाटीवर खुशाल राहू दे. मात्र नातवंडांच्या आईने नोकरी धरून ऊट्रेख्तमध्ये घर केलं असेल, तर तिच्या गाडीसाठी हे सहा महिने नाहीतच. पाहुण्याला दिलेली सवलत आपण रहिवाशाची मुदत समजून बसतो. गोंधळ सगळा इथेच होतो.

त्याच निर्देशात "नेहमीचं राहणं" म्हणजे काय तेही सांगितलंय, आणि तिथे १८५ दिवसांचा आकडा येतो: वर्षातले किमान १८५ दिवस माणूस जिथे वैयक्तिक आणि कामाच्या संबंधांमुळे राहतो ती जागा. हा आकडाही लोक उलटा वाचतात. "मी इथे आत्ता ९० दिवसच झाले, म्हणजे अजून ९५ शिल्लक आहेत." तसं नाही हो. १८५ दिवस ही खर्च करायची शिल्लक नव्हे. तुम्ही दोन वर्षांचा करार सही करून, सामान हलवून, जुनी खोली सोडून आलात, तर तुमचं राहणं कुठे आहे हे पहिल्याच आठवड्यात पुरेसं स्पष्ट असतं.

इथे आपल्यापैकी बऱ्याच जणांचा मनातला आक्षेप मला ऐकू येतो, कारण तो माझाही होता. "पण मी तर तात्पुरतीच आलेय!" पोस्टडॉक दोन वर्षांचं. त्यानंतर कुठे, माहीत नाही. आई दर रविवारी विचारते, परत कधी येणार, आणि मी दर रविवारी सांगते, बघू. दहा वर्षं परदेशात काढलेली माणसंही स्वतःबद्दल "सध्या इथे असतो" असंच बोलतात. आपल्या मनात आपण कायम ट्रान्झिटमध्ये असतो. कायद्याला मात्र तुमचा बेत काय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तुम्ही झोपता कुठे, कामाला जाता कुठे, आणि गाडी रात्री कुठे उभी असते, एवढंच तो बघतो. दोन वर्षांचा करार असलेला माणूस त्या दोन वर्षांपुरता तिथला रहिवासीच असतो.

सीमेजवळ राहिलात तर हे फार छान दिसतं. आखेनला लागून फाल्स नावाचं डच गाव आहे, जर्मनी-बेल्जियम-नेदरलँड्स या तीन देशांची हद्द जिथे मिळते त्या टेकडीच्या पायथ्याशी. आखेनला शिकणारे, नोकरी करणारे कितीतरी जण फाल्समध्ये खोली घेऊन राहतात. ऑफिस जर्मनीत, सुपरमार्केट जर्मनीत, मित्र जर्मनीत. पण अंथरूण नेदरलँड्समध्ये. त्यांच्या गाडीला डच पिवळी पाटी हवी. उलट कुणी आखेनमध्येच राहून रोज मास्त्रिख्तला कामाला जात असेल, तर त्याने जर्मन पाटी निर्धास्त ठेवावी. दोघे रोज तोच रस्ता तुडवतात, फक्त विरुद्ध दिशांनी.

अवघड प्रकरण असतं ते दोन घरांचं. नवरा एका देशात, बायको दुसऱ्या. संशोधकांमध्ये अशी जोडपी काही कमी नाहीत. कामाचे संबंध एकीकडे, वैयक्तिक संबंध दुसरीकडे आणि माणूस आलटून पालटून दोन्हीकडे राहत असेल, तर निर्देश वैयक्तिक संबंधांना झुकतं माप देतो, मात्र माणूस तिथे नियमित परतत असला पाहिजे. म्हणजे आठवडाभर आइंडहोव्हनच्या खोलीत आणि दर शुक्रवारी संध्याकाळी कोलोनला नवऱ्याकडे, असं असेल तर तुमचं राहणं कोलोनला आहे असं म्हणता येतं. ठरावीक मुदतीच्या कामासाठी गेलेल्या माणसाला नियमित परतण्याची ही अटही सैल केलेली आहे. हे वाचून मी क्षणभर खूश झाले होते, पोस्टडॉक म्हणजे ठरावीक मुदतीचंच काम की! पण सैल होते ती फक्त परतण्याची अट. मागे घर-संसार तर असायला हवा. मी आखेनची खोली रिकामी करून किल्ली देऊन आले होते. मागे उरलं होतं एका मैत्रिणीच्या तळघरातलं एक खोकं. त्यात प्रेशर कुकर होता, पण प्रेशर कुकर म्हणजे काही वैयक्तिक संबंध नव्हेत.

आणि दोन घरं असतील तरी ते सिद्ध तुम्हालाच करावं लागतं. नेदरलँड्समध्ये तुमचं नाव नगरपालिकेच्या नोंदवहीत आलं, की करखातं तुम्हाला रहिवासी धरतं आणि परदेशी नंबरची गाडी त्याच तारखेपासून तुमच्या हाताशी होती असंही धरतं. तसं नाही म्हणायचं असेल तर भाडेकरार, तिकिटं, पेट्रोलच्या पावत्या घेऊन बसा.

विद्यार्थ्यांना वेगळी वागणूक आहे. केवळ शिक्षणासाठी दुसऱ्या सदस्य देशात गेल्याने नेहमीचं राहणं बदललं असं मानत नाहीत, आणि त्याच्या मूळ देशाच्या पाटीची गाडी त्याला वापरता येते. पण पीएचडीवाल्यांनो, इथे जपून. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारे बहुतेक जण विद्यापीठाचे पगारी नोकर असतात. स्वतःला सवयीने "स्टुडंट" म्हणवणं वेगळं आणि या सवलतीतला विद्यार्थी असणं वेगळं. पोस्टडॉकचा तर प्रश्नच येत नाही.

एवढा काथ्याकूट कशासाठी? पैशांसाठी, दुसरं काय. युरोपीय संघात माल आणि माणसं मोकळी फिरतात, पण गाड्यांवरचे कर प्रत्येक देशाने स्वतःकडे ठेवलेत. जर्मनीत गाडी नोंदवताना वेगळा नोंदणी-कर नाही. दरवर्षीचा वाहन-कर तेवढा आहे. नेदरलँड्समध्ये पहिल्या नोंदणीला बीपीएम नावाचा कर लागतो, तो मुख्यतः गाडी किती कार्बन डायऑक्साइड सोडते त्यावर ठरतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो. वर पुन्हा रस्ता-कर आहेच. डेन्मार्क तर या बाबतीत जगावेगळा: वरच्या टप्प्यातल्या किमतीवर १५० टक्के नोंदणी-कर. आता शेजारच्या देशात तीच गाडी स्वस्त मिळत असेल आणि पाटी बदलायची गरज नसेल, तर कोण कशाला इथे कर भरेल? आपल्याकडेही हेच चालतं. महागड्या गाड्या पुद्दुचेरीला नोंदवायच्या आणि फिरवायच्या मात्र केरळमध्ये, यावरून काही वर्षांपूर्वी मोठं प्रकरण झालं होतं. भारताच्या मोटार वाहन कायद्यातही कलम ४७ आहेच: दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. पुण्यातल्या केए पासिंगवाल्यांना निदान बारा महिने मिळतात. सारख्या बदल्या होणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये बीएच सीरिजही आली. युरोपला मात्र अशी "ईयू सीरिज" जमलेली नाही. पाटीच्या डाव्या कडेला निळ्या पट्टीत बारा तारे असतात, त्याने फसू नका. ती पट्टी फक्त देश कोणता ते सांगते, नोंदणी त्या देशाचीच असते. एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी सोपी करायचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये आणला होता. तो कायदा झाला नाही.

न्यायालयाने मात्र वेळोवेळी देशांचे कान धरलेत, आणि त्यातले दोन-तीन निकाल तुम्हाला उपयोगी आहेत. ऑस्ट्रियाचा नियम होता की परदेशी भाड्याची गाडी देशात वापरायची तर तीन दिवसांत नोंदवा. २००२ मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं, नोंदणी मागा, हरकत नाही, पण तीन दिवस म्हणजे फारच कमी. २०१२ मध्ये डच रहिवाशांनी दुसऱ्या देशातल्या नातलग-मित्रांकडून फुकट वापरायला आणलेल्या गाड्यांचं प्रकरण आलं. नेदरलँड्सने पूर्ण बीपीएम मागितला होता. न्यायालयाने सांगितलं, गाडी मुळात इथेच कायम वापरण्यासाठी नसेल आणि प्रत्यक्षात तशी वापरलीही जात नसेल, तर किती दिवस वापरली याचा विचार न करता अख्खा कर घेणं बरोबर नाही. म्हणजे आखेनच्या मैत्रिणीची गाडी वीकेंडला आणून घरी कपाट वाहून नेलंत, तर तुमची बाजू अगदीच लंगडी नाही. अर्थात नेदरलँड्समध्ये अशा थोड्या दिवसांच्या वापरासाठी आधी कळवून दोन आठवड्यांपर्यंत सूट घेण्याची सोय आहे. ती वापरावी, न्यायालयापर्यंत कशाला जायचं.

तिसरा निकाल आपल्यासाठी कडू आहे, २००४ चा. एक जर्मन जोडपं नोकरीसाठी ऑस्ट्रियाला गेलं, दोघांनी आपापल्या गाड्या नेल्या, आणि ऑस्ट्रियाने नोंदणी-कर लावला. त्यांचं म्हणणं, हे तर आमच्या कुठेही जाऊन काम करण्याच्या स्वातंत्र्यावर ओझं आहे. न्यायालयाने ओझं आहे हे नाकारलं नाही. पण एका देशातून दुसऱ्या देशात जाताना करात काहीच फरक पडणार नाही, अशी हमी युरोपीय करार देत नाहीत, असा निकाल दिला. थोडक्यात, सामान हलवण्यासाठी नोंदणी-करातून सूट मिळेल का, हे ज्या देशात जाताय तो देश ठरवतो. नेदरलँड्स ती देतो. म्हणून तिची किंमत ओळखा.

अटी साध्या आहेत, पण कडक आहेत. येण्याआधी सलग किमान बारा महिने नेदरलँड्सबाहेर राहिलेलं असावं. गाडी येण्याआधी किमान सहा महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी. आल्यावर बारा महिने ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, कुणाला वापरायला द्यायची नाही. यातली दुसरी अट आपल्या लोकांना हटकून बुडवते. आमच्या ओळखीतल्या एकाला मे महिन्यात डच विद्यापीठाची ऑफर आली. जर्मनीत गाड्या स्वस्त, म्हणून त्याने जूनमध्ये चांगली तीन वर्षं जुनी डिझेल गाडी घेतली आणि ऑक्टोबरमध्ये तिच्यातच सामान भरून आला. हुशारी केली असं सगळ्यांनाच वाटलं, मलाही. पण जून ते ऑक्टोबर, सहा महिने भरत नाहीत. सूट नाही. डिझेलवरचा बीपीएम नेदरलँड्समध्ये जास्तच बसतो, त्यामुळे जर्मनीत वाचवले त्याहून जास्त इथे गेले. त्याने ऑफर येण्याआधी वर्षभर जुनी खटारा गाडी ठेवली असती तर तिला मात्र सूट मिळाली असती.

माझं उलट होतं. पोलो तीन वर्षं माझ्याकडे होती, सगळ्या अटी पुऱ्या होत होत्या. मी फक्त काहीच केलं नाही. आठव्या महिन्यात घराच्या गल्लीत रहिवाशांचा पार्किंग परवाना काढायला गेले, तिथे गाडीचा नंबर विचारला, आणि गाडी जर्मन आहे म्हटल्यावर खिडकीमागच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही इथे कधीपासून राहता?" प्रश्न साधा होता. मला उत्तर द्यायला वेळ लागला. त्याच आठवड्यात मी सुटीचा अर्ज भरला. अर्जात येण्याची तारीख लिहायची असते. ती मीच, माझ्या हाताने, खरी लिहिली. बीपीएमची सूट मिळाली. काही आठवड्यांनी रस्ता-कराचं बिल आलं: नगरपालिकेतल्या नोंदीच्या तारखेपासूनचे आठ महिने, वर दंड. रस्ता-कराला सामान हलवण्याची सूट लागू नाही. त्या आठ महिन्यांत मी जर्मनीचा वाहन-करही भरत होते. एकाच गाडीचा दोन देशांत कर भरलेली मी काही एकटीच नाही, पण त्यात भूषण वाटण्यासारखंही काही नाही.

पैशांचं झालं, आता विम्याचं. याची भीती मला कराहून जास्त वाटते. युरोपीय संघातल्या कुठल्याही गाडीचा तृतीय पक्ष विमा सगळ्या सदस्य देशांत चालतो. म्हणून उद्या तुम्ही कुणाला धडकलात तर त्याला भरपाई मिळेल. पण विमा कंपनीने हप्ता ठरवला तो गाडी आखेनमध्ये, अमुक पत्त्यावर उभी असते या माहितीवर. ती माहिती वर्षभर खोटी होती हे अपघातानंतर समोर आलं, तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीवरून वाद होऊ शकतो. आणि वाद घालायची वेळ येते तेव्हा तुम्ही हॉस्पिटलात किंवा गॅरेजात असता.

पत्त्याचंच दुसरं दुखणं म्हणजे टपाल. कॅमेऱ्याने टिपलेल्या वेगमर्यादेच्या चलनाचं पत्र गाडीच्या नोंदणीतल्या पत्त्यावर जातं. तिथे आता दुसराच भाडेकरू राहतो. तुम्हाला पत्र मिळत नाही, मुदत जाते, रक्कम वाढते. शिवाय जर्मन पाटीवर तपासणीचा गोल स्टिकर असतो. दर दोन वर्षांनी होणारी ती तपासणी जर्मनीतच करावी लागते. आखेनहून तासा-सव्वा तासावर राहताना ते जमून जातं. लिस्बनला गेलात तर?

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी एक मोठा फरक आहे. वर लिहिलेली सगळी भानगड संघातल्या संघात आहे. ब्रिटन ३१ डिसेंबर २०२० नंतर एकल बाजारात नाही. त्यामुळे मँचेस्टरची गाडी घेऊन तुम्ही आम्स्टरडॅमला राहायला गेलात तर ती आयात ठरते: सीमाशुल्क, व्हॅट, मग नोंदणी-कर. स्थलांतराच्या सामानाला इथेही सूट आहे. तिथेही बारा महिने बाहेर राहिलेलं आणि सहा महिने गाडी वापरलेली असावी लागते, आणि राहायला आल्यापासून बारा महिन्यांच्या आत सामान दाखवावं लागतं. याच कारणाने स्वित्झर्लंडच्या नंबरची गाडी हा एक नामांकित सापळा आहे. झुरिकचा मित्र म्हणतो, "घे ना माझी गाडी, जा म्युनिकला." तुम्ही संघाचे रहिवासी, मित्र झुरिकमध्येच बसलेला, सीमेवर थांबवलं तर गाडी तुम्ही आयात करताय असं धरून शुल्क मागू शकतात. मित्र शेजारच्या सीटवर असेल तर गोष्ट वेगळी. चांगल्या मनाने दिलेली गाडी असते, म्हणून जास्त वाईट वाटतं.

उलट दिशेने ब्रिटनमध्ये गाडी आणलीत तर चौदा दिवसांत कर विभागाला कळवायचं असतं, आणि तिथेही सहा महिन्यांची सवलत पाहुण्यांनाच आहे. अमेरिकेत परदेशातून गाडी नेण्याच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. पण राज्य बदलताना हाच खेळ छोट्या प्रमाणावर चालतो. न्यू जर्सीला राहायला गेलात तर ६० दिवस, कॅलिफोर्नियाला फक्त २० दिवस. सॅन होजेमध्ये महिनोन्महिने जुन्या राज्याची पाटी मिरवणारे आपले लोक मी पाहिलेत. ते उशीर करत नाहीयेत, ते चुकतायत.

मग गाडी न्यावी की विकावी? माझं मत विचाराल तर दहा-बारा वर्षं जुनी गाडी असेल आणि सूट मिळत नसेल, तर विकून टाका. तपासणी, नोंदणी, नवीन पाट्या आणि कर मिळून गाडीच्या किमतीचा चांगलाच लचका तोडतात, आणि नेदरलँड्समध्ये आल्यावर दुसऱ्या आठवड्यात तुम्ही सायकल घेणारच असता. सूट मिळत असेल आणि गाडी चांगली असेल तर न्या, पण क्रम चुकवू नका. आधी सुटीचा अर्ज, मग वाहन प्राधिकरणाकडे तपासणीची वेळ. जर्मन आरसीचे दोन भाग असतात, दोन्ही मूळ प्रती लागतात. गाडी कर्जावर असेल तर दुसरा भाग बँकेकडे असतो आणि तो सोडवायला वेळ लागतो. उत्पादकाचं अनुरूपतेचं प्रमाणपत्र जवळ असेल तर तपासणी सरळ होते. डच नोंदणी झाली की ते जर्मनीला कळवतात, तरीही तिकडची नोंदणी रद्द झाली की नाही हे स्वतः बघा. ती रद्द होईपर्यंत तिकडचा कर आणि विमा थांबत नाही.

आणि एक कागद निघण्याआधीच मागून घ्या: विना-अपघात वर्षांचा दाखला. जर्मनीत चार वर्षं धक्का न लावता चालवलेली गाडी इथे कुणाच्या खिजगणतीत नसते, जोवर तुम्ही ते कागदावर दाखवत नाही. युरोपीय नियमांनुसार मागच्या किमान पाच वर्षांचा असा दाखला देणं विमा कंपनीला बंधनकारक आहे. आणि तो दुसऱ्या सदस्य देशातला आहे म्हणून नवीन कंपनी त्याला कमी लेखू शकत नाही, हे अलीकडच्या दुरुस्तीने पक्कं झालंय. मागितल्यापासून द्यायला त्यांना १५ दिवसांची मुदत असते. म्हणजे सामान पुढच्या महिन्यात हलणार असेल तर ईमेल आज पाठवा.